महिलांसाठी वाहतूक व नगररचना शिष्यवृत्त्या

वाहतूक अभियांत्रिकी, वाहतूक नियोजन, नगररचना आणि प्रादेशिक नियोजन या विषयांचे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना आर्थिक साहाय्य देणाऱ्या योजनांचा या लेखात परामर्श घेतला आहे. केवळ या क्षेत्रासाठी असलेल्या महिला शिष्यवृत्त्या प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यावसायिक संघटनांच्या पुढाकाराने विकसित झाल्या. भारतात या विषयांच्या विद्यार्थिनींना मुख्यतः केंद्र व राज्य शासनाच्या सर्वसाधारण तंत्रशिक्षण योजनांचा आधार मिळतो. या शिष्यवृत्त्यांचा हेतू दुहेरी आहे. विद्यार्थिनीच्या शिक्षणाचा खर्च भागवणे हा पहिला, तर शहरातील रस्ते, थांबे व वस्त्या यांविषयीचे निर्णय घेणाऱ्या व्यवसायात स्त्रियांचा सहभाग वाढवणे हा दुसरा.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकातील वाहतूक नियोजनाचा पाया घर ते कामाचे ठिकाण या प्रवासावर रचला गेला. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी किती वाहने कोठून कोठे जातात, याची मोजणी करून रस्त्यांची रुंदी व मार्गांची आखणी ठरवली जात असे. मुलाला शाळेत सोडणे, बाजारहाट, आजारी वा वृद्ध व्यक्तीला दवाखान्यात नेणे आणि त्यातूनच स्वतःच्या कामावर जाणे, असा अनेक टप्प्यांचा प्रवास या मोजणीत नीट बसत नाही. तो बहुधा कमी अंतराचा, गर्दीची वेळ टळल्यानंतरचा आणि पायी किंवा बसने केलेला असतो. घरातील कामांच्या विभागणीमुळे तो स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो.

स्पॅनिश नियोजनतज्ज्ञ इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी अशा प्रवासासाठी ‘काळजीवाहू प्रवास’ या अर्थाची संकल्पना मांडली. प्रचलित सर्वेक्षणांत हे प्रवास खरेदी, सोबत, वैयक्तिक काम अशा निरनिराळ्या रकान्यांत विखुरले जातात. त्यामुळे त्यांचे एकत्रित प्रमाण दिसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर व प्रवासाचे साधन यांची माहिती घेण्यात आली. मात्र ती शेती व घरगुती उद्योग वगळून ‘इतर कामगार’ या वर्गापुरती होती. विनावेतन कामासाठी केलेला प्रवास तिच्या कक्षेबाहेर राहिला.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९१ मध्ये स्त्रियांच्या दैनंदिन शहरी जीवनावर एक छायाचित्र प्रदर्शन भरवण्यात आले. नियोजनकार एव्हा काइल या त्याच्या आयोजकांपैकी एक होत्या. पुढच्याच वर्षी तेथील नगर प्रशासनाने महिलांसाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले. त्यानंतर पदपथांची रुंदी, रस्त्यांवरील प्रकाशयोजना, उद्याने व गृहप्रकल्प यांच्या आराखड्यांत स्त्रियांच्या वापराचा पद्धतशीर विचार होऊ लागला. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची उपनगरी गाडी सुरू झाली, तर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. राखीव गाडी किंवा भाडेसवलत ही अस्तित्वात असलेल्या व्यवस्थेत घातलेली भर असते. थांबा कोठे असावा, पदपथ किती रुंद असावा, स्थानकाबाहेर उजेड किती असावा, हे मात्र आराखड्याच्या टप्प्यावरच ठरते. या टप्प्यावर काम करू शकतील अशा प्रशिक्षित स्त्रिया घडवण्याशी शिष्यवृत्त्यांचा संबंध येतो.

इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठीय महिलांच्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन’ या संघटनेची मुळे १८८१ पर्यंत जातात. तिने १८८८ पासून उच्च शिक्षणासाठी अधिछात्रवृत्ती देण्यास आरंभ केला आणि १९१७ मध्ये परदेशी महिलांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू केली. या योजना कोणत्याही एका विषयापुरत्या नव्हत्या.

वाहतूक क्षेत्रातील महिलांची ‘विमेन्स ट्रान्सपोर्टेशन सेमिनार’ ही संघटना १९७७ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथे स्थापन झाली. आज ती ‘डब्ल्यूटीएस इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली जाते. स्थापनेच्या काळात वाहतूक खाती, रेल्वे व महामार्ग संस्था यांच्या वरिष्ठ पदांवर स्त्रिया क्वचितच दिसत. अमेरिकेच्या वाहतूक मंत्रिपदी पहिली महिला, एलिझाबेथ डोल, १९८३ मध्ये आली. देशाच्या रेल्वे प्रशासनाचे प्रमुखपद १९९३ मध्ये जोलीन मोलिटोरिस यांच्या रूपाने प्रथमच एका महिलेकडे गेले.

प्रमुख शिष्यवृत्त्या

डब्ल्यूटीएस फाउंडेशन : डब्ल्यूटीएसच्या या प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्त्या व्यक्तींच्या नावांनी ओळखल्या जातात. पदवी स्तरावर शॅरन डी. बँक्स स्मृती शिष्यवृत्ती आणि पदव्युत्तर स्तरावर हेलेन एम. ओव्हरली स्मृती शिष्यवृत्ती दिली जाते. शॅरन बँक्स या कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात बससेवा चालवणाऱ्या एसी ट्रान्झिट या सार्वजनिक संस्थेच्या महाव्यवस्थापक होत्या. नेतृत्वगुणांवर भर देणारी एक शिष्यवृत्ती मोलिटोरिस यांच्या नावे आहे. संघटनेच्या स्थानिक शाखा आपापल्या भागातील विद्यार्थिनींची निवड करून त्यांना शिष्यवृत्ती देतात आणि त्यांतील काहींची नावे राष्ट्रीय स्पर्धेसाठी पाठवतात. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलींना या क्षेत्राची ओळख व्हावी, म्हणून अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या सहकार्याने ‘ट्रान्सपोर्टेशन यू’ हा उपक्रमही राबवण्यात आला.

ज्युडिथ मॅकमॅनस प्राइस शिष्यवृत्ती : अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशन या नियोजनकारांच्या संघटनेशी निगडित ही शिष्यवृत्ती महिला तसेच आफ्रिकन-अमेरिकन, हिस्पॅनिक व मूलनिवासी समाजांतील विद्यार्थ्यांसाठी स्थापन करण्यात आली. अधिस्वीकृत नियोजन अभ्यासक्रमात प्रवेश, आर्थिक गरज आणि सार्वजनिक क्षेत्रात नियोजनकार म्हणून काम करण्याचा मानस या तिच्या महत्त्वाच्या अटी आहेत.

निवडप्रक्रिया

अर्जासोबत साधारणपणे गुणपत्रके, प्रवेशाचा पुरावा, शिफारसपत्रे आणि उमेदवाराच्या व्यावसायिक उद्दिष्टांविषयीचे निवेदन मागवले जाते. निव्वळ गुणांवर निवड होत नाही; निवेदनात उमेदवाराने वाहतुकीच्या अथवा शहराच्या एखाद्या प्रश्नाचा केलेला विचार आणि सामाजिक कामाचा अनुभव यांनाही महत्त्व असते. व्यावसायिक संघटनांच्या शिष्यवृत्तीमुळे क्षेत्रातील ज्येष्ठ अधिकारी व अभियंते यांच्याशी परिचय होतो, प्रशिक्षणाच्या व नोकरीच्या संधी कळतात. त्यामुळे रक्कम मर्यादित असली, तरी तिचा व्यावसायिक उपयोग मोठा असतो.

भारतातील स्थिती

भारतात दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील नियोजन व वास्तुकला विद्यालये, खरगपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ येथे नियोजनाचे शिक्षण मिळते. महाराष्ट्रात पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था येथे या विषयाचे अभ्यासक्रम आहेत. विद्यार्थिनींना उपयुक्त ठरणाऱ्या योजना पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रगती शिष्यवृत्ती : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ही योजना केवळ मुलींसाठी आहे. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत पदवी वा पदविकेच्या पहिल्या वर्षात, अथवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीला वार्षिक ५०,००० रुपये मिळतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि एका कुटुंबातील दोनच मुलींना लाभ मिळावा, अशा अटी आहेत.

• महाराष्ट्र शासनाची शुल्कमाफी : २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत लागू झाली. वसतिगृह, भोजन व प्रवास यांचा खर्च या सवलतीत येत नाही.

• पदव्युत्तर शिष्यवृत्ती : गेट परीक्षेतील गुणांच्या आधारे मान्यताप्राप्त संस्थांत पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये दिले जातात. ही योजना स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. गेटमध्ये वास्तुकला व नियोजन या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते.

• राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती, भटक्या व विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या पाल्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र शासनातर्फे दिल्या जाणाऱ्या या शिष्यवृत्तीत ३० टक्के जागा महिलांसाठी राखून ठेवलेल्या असतात.

नियोजनाच्या शिक्षणात क्षेत्रभेटी, वाहतूक मोजणी, वस्ती सर्वेक्षण, नकाशे व संगणकीय साधने यांवर शुल्काव्यतिरिक्त बराच खर्च होतो. परगावच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा खर्च त्यात मिळवावा लागतो. केवळ शुल्कमाफीने हा भार हलका होत नाही.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत १९७२ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातील ‘टायटल नाइन’ या तरतुदीनुसार, संघराज्य शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावर आधारित भेदभाव करता येत नाही. मृत्युपत्र वा विश्वस्तनिधीतून उभारलेल्या एकाच लिंगासाठीच्या शिष्यवृत्त्यांना या कायद्याच्या नियमांत सशर्त मुभा आहे. मात्र एकूण साहाय्यवाटप भेदभावाचे होता कामा नये. भारतात राज्यघटनेचा अनुच्छेद १५(३) शासनाला स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार देतो.

मर्यादा

शिष्यवृत्ती विद्यार्थिनीला वर्गापर्यंत नेते. नोकरीतील भरती, बढती आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांवर तिचा थेट परिणाम होत नाही. रात्रीची वाहतूक मोजणी किंवा बांधकामस्थळावरील देखरेख अशा कामांत स्वच्छतागृह व सुरक्षित वाहन यांची सोय नसेल, तर प्रशिक्षित महिलाही क्षेत्राबाहेर पडण्याची शक्यता राहते. तसेच, नियोजनकार स्त्री असली म्हणजे आराखडा आपोआप स्त्रियांच्या सोयीचा होतो असे नाही. त्यासाठी सर्वेक्षणाच्या पद्धतीत बदल, स्त्री-पुरुषांची वेगवेगळी आकडेवारी आणि अंदाजपत्रकात पदपथ व बससेवेला पुरेसे स्थान आवश्यक असते.

हेही पाहा

• नगररचना
• सार्वजनिक वाहतूक
• स्त्रीशिक्षण