श्वानवीर्याचे शीतसंरक्षण

इटलीतील धर्मगुरू व निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालांझानी यांनी १७८० साली एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली, तेव्हा नरमादीच्या संगमावाचून सस्तन प्राण्यांत गर्भधारणा होऊ शकते हे निर्विवाद सिद्ध झाले. परंतु गोठताना पेशींत उत्पन्न होणाऱ्या हिमस्फटिकांपासून शुक्राणूंचे रक्षण ग्लिसरॉल करते, हे इंग्लंडातील क्रिस्टोफर पोल्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना उमगेपर्यंत १९४९ साल उजाडले. गोठविलेल्या श्वानवीर्यापासून पहिली गर्भधारणा १९६९ मध्ये नोंदली गेली.

वीर्यातील शुक्राणुयुक्त मधला अंश वेगळा काढून, त्यात अंड्याचा बलक व ग्लिसरॉल असलेले द्रावण मिसळून, ते बारीक नळ्यांत भरतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनात ठेवतात. तेथे पेशींचे व्यापार थांबतात आणि नर हयात नसला तरी त्याचा वंश चालू शकतो.

खरी अडचण पुढेच आहे. ताजे शुक्राणू मादीच्या शरीरात कित्येक दिवस तग धरतात, वितळविलेले मात्र जेमतेम एखादा दिवस. शिवाय कुत्रीचे बीजांड सुटते तेव्हा अपक्वच असते व पक्व होण्यास दोन-तीन दिवस घेते, म्हणून रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून ही मुदत साधावी लागते आणि वीर्यही थेट गर्भाशयात पोचवावे लागते.

गोठवण्याने गुणांबरोबर दोषही टिकतात, आणि एकाच नामांकित नराची संतती वाढत गेली तर साऱ्या जातीचे आनुवंशिक वैविध्य आटते, हे मला या विद्येतील सर्वांत मोठे भय वाटते. तेव्हा श्वानपालकांनी नर तरुण व निरोगी असतानाच, त्याच्या आनुवंशिक रोगांची पुरती शहानिशा करून, मगच त्याचे वीर्य जतन करावे.