बिनभट्टीचा केक आणि डॉक्टरांचा अंगठा

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींनी दवाखान्यात गाठून विचारले, “डॉक्टर, घरी ओव्हन नाही, कुकरमध्ये बिनपाण्याचा केक करायची धास्ती वाटते. बिस्किटांचा थंड केक करतात, तो चहाबरोबर मुलांना दिला तर चालेल का? तुमच्या सदरात लिहा ना.” केक हा आरोग्याच्या सदराचा विषय आहे का, असे क्षणभर मनात आले. पण या एका केकने मला जो धडा दिला आहे तो आठवला आणि म्हटले, लिहिलेच पाहिजे.

आधी कृती सांगतो. आमच्या वेळी मेडिकलच्या वसतिगृहात कुणाचा वाढदिवस आला की बेकरीच्या केकला पैसे नसत. मेसमधले दूध, पुड्यातली बिस्किटे, कोको आणि जोराने चोळायला दोन हात, एवढ्यावर केक होई. चुलीची गरज नाही, कारण बिस्किट बेकरीतून भाजूनच आलेले असते. आपण त्याचा चुरा करून लोण्यात आणि दुधात भिजवायचा. लोणी गार झाले की घट्ट होते आणि चुरा धरून ठेवते. हा केक फुगत नाही, त्यामुळे सोडा नको, इनो नको. रक्तदाबाच्या रुग्णांना मी आतल्या सोडियममुळे सोडा आणि इनो बेताने वापरायला सांगतो, त्या दृष्टीने हे बरेच.

प्रमाण असे. मारी बिस्किटे 200 ग्रॅम, घरचे बिनमिठाचे लोणी 50 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, कोको दोन मोठे चमचे, दूध 100 मिलिलिटर आणि भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट 50 ग्रॅम. अक्रोड घालायचा तर घाला, पण आपल्या खानदेशात शेंगदाणा असताना अक्रोडामागे का धावायचे, हे मला कधी कळले नाही. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर अख्खा दाणा घालू नका. तो श्वासनलिकेत अडकतो. कूटच घाला, तेही बारीक.

याच्या सोळा वड्या पडतात. आता थोडा हिशेब मांडू. एका वडीतून साधारण 110 कॅलरी मिळतात, म्हणजे बिनतुपाच्या एका पोळीएवढ्या. साखर बिस्किटातली आणि वरून घातलेली मिळून वडीमागे छोटा चमचाभर होते. खेळून आलेल्या मुलाने चार वाजता एक वडी खाल्ली तर माझी काही तक्रार नाही. वडीबरोबर दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्या आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या वडिलांविषयी मात्र आहे.

“डॉक्टर, मारी चालते ना?” हा प्रश्न मला मधुमेही मंडळींकडून रोज येतो. मारी कमी गोड लागते म्हणून ती औषधी, असा समज पक्का झाला आहे. पुड्याची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, किंवा याच्याच आसपासचे काहीतरी. चहात बुडवून चार-पाच मारी खाणे म्हणजे ‘काही न खाणे’ नव्हे. साखरेऐवजी खजूर घातला की केक मधुमेह्यांचा झाला, असेही सांगितले जाते. खजुरात थोडा चोथा असतो हे खरे, पण गोडी साखरेचीच असते. मधुमेह्याला एक वडी खायचीच असेल तर जेवणातली एक पोळी कमी करून, बिनसाखरेच्या चहाबरोबर खावी. कधीमधी, रोज नव्हे.

आता त्या धड्याकडे येतो.

2007 सालचा मे महिना. जळगाव जिल्ह्यातला मे कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात भारनियमनाचे दिवस. माझी भाची सुट्टीला आली होती, तिचा आठवा वाढदिवस. सौ. लग्नाला बाहेरगावी गेलेली. मी मोठ्या ऐटीत जाहीर केले, “केक मामा करणार!” माझ्या उजव्या अंगठ्याला तेव्हा नखुरडे झाले होते. थोडा पू होता, वर पट्टी बांधलेली. चुरा मळताना पट्टी आड येऊ लागली, म्हणून मी ती काढली, हात धुतले आणि मळायला घेतले. रुग्णांना मी काय सांगितले असते ते सांगण्याची गरज नाही. पण आपला अंगठा म्हटला की डॉक्टरही रुग्णासारखाच वागतो.

दुपारी बाराला डबा फ्रीजमध्ये गेला. एकला वीज गेली ती पाचला आली. मधल्या काळात पोरांनी गार पाण्यासाठी फ्रीज किती वेळा उघडला असेल याची गणती नाही. सहाला केक कापला. मऊ होता, पण चवीला उत्तम असल्याचा निर्वाळा अकरा पोरांनी दिला. शेजारचे नाना, वय बहात्तर, जुने मधुमेही, त्यांनीही माझी नजर चुकवून दोन वड्या घेतल्या. पाहुण्यांना वाढता वाढता माझ्या वाट्याला काही उरले नाही.

साडेआठला भाचीला पहिली उलटी झाली. दहापर्यंत अकरापैकी नऊ मुले ओकत होती. पोटात कळा, थोडे जुलाब, ताप कुणालाच नाही. पालक पोरांना खांद्यावर टाकून माझ्याच दवाखान्यात आले. मी सगळ्यांना सांगितले, “ऊन लागलेय.” तसे म्हणताना माझ्या मनात शंका आली नव्हती असे मी म्हणणार नाही.

रात्री साडेबाराला काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, दार वाजवू लागल्या. “हे कसेतरीच बोलताहेत, अंग घामाने भिजलेय.” नानांनाही उलट्या झाल्या होत्या, म्हणून ते जेवले नव्हते. पण मधुमेहाची संध्याकाळची गोळी शिस्तीने घेतली होती. त्यांची गोळी ग्लायबेनक्लामाईड होती. ती दीर्घकाळ साखर खाली आणत राहते आणि म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी महागात पडते. यंत्रावर साखर 46 आली. शिरेतून 25 टक्क्यांचे ग्लुकोज 100 मिलिलिटर दिले, तेव्हा दहा मिनिटांत नानांनी मला नावाने हाक मारली. पण गोळीचा अंमल सरला नव्हता, म्हणून ग्लुकोजची बाटली लावून मी रात्रभर उशाशी बसलो. दर तासाला साखर पाहिली. पहाटे चारला ती पुन्हा 60 च्या खाली आली होती.

त्याच वेळी काकू म्हणाल्या, “डॉक्टर, ऊन तर सगळ्या गल्लीला लागते. ओकताहेत ते केक खाल्लेलेच. असे का हो?” आवाजात राग नव्हता. म्हणून जास्तच टोचले. मी अंगठा पुढे केला आणि जे होते ते सांगितले. सकाळी नऊही घरी जाऊन तेच सांगितले. दोन घरांनी त्यानंतर डॉक्टर बदलला. त्यांना मी दोष देत नाही.

काय घडले असावे? स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू पू झालेल्या जखमेत असतातच, शिवाय बऱ्याच धडधाकट माणसांच्या नाकातही असतात. कोरड्या बिस्किटात जंतू वाढत नाहीत, म्हणून उघडा पुडा ओकारी आणत नाही, नुसता सादळतो. पण तेच बिस्किट दुधात भिजले की जंतूंना घर मिळते. उबेत काही तास मिळाले की ते विष तयार करतात. हे विष उकळल्यानेही नीट नष्ट होत नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. जुलाबाच्या इतर आजारांपेक्षा हे लवकर सुरू होते, तीच त्याची खूण. यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. केकचा तुकडा मी तपासणीला पाठवला नाही. तो आधीच घंटागाडीत गेला होता. पण वेळेचा हिशेब आणि माझा अंगठा पाहता मला दुसरे निदान सुचत नाही.

उलट्या होणाऱ्या मुलाला भांडेभर पाणी एकदम पाजू नका. मीठसाखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, चमच्या-चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका. सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, शौचातून रक्त आले किंवा उलटी हिरवी झाली तर घरी थांबू नका.

घरातल्या मधुमेह्याला उलट्या होत असतील आणि पोटात अन्न ठरत नसेल तर सवयीने गोळी गिळू नये, आधी डॉक्टरांना फोन करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंदही करू नये. त्यांनीही विचारून ठरवावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

आता मी हा केक कसा करतो ते सांगतो, कारण करणे सोडलेले नाही. बोटाला जखम, फोड, नखुरडे असेल तर त्या दिवशी स्वयंपाकघर दुसऱ्याचे. पट्टी बांधून, हातमोजे घालूनही नाही. बिस्किटे जाड कापडी पिशवीत घालून लाटण्याने कुटतो. अर्धा चुरा, अर्धे नखाएवढे तुकडे, म्हणजे कापल्यावर आत ठिपके दिसतात. पातेल्यात दूध, साखर, कोको आणि लोणी एकत्र करून चांगली उकळी आणतो आणि ते गरमगरमच चुऱ्यावर आणि कुटावर ओततो. हाताने मळत नाही. स्वच्छ कोरड्या उलथण्याने कालवतो, तूप लावलेल्या सपाट डब्यात वाटीच्या बुडाने दाबून बसवतो. वाफ निघाली की झाकण लावून फ्रीजमध्ये चार तास. वड्या गरजेपुरत्या काढायच्या, उरलेल्या लगेच आत, आणि तीन दिवसांत संपवायच्या. वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली आणि डबा हाताला गार लागत नसेल तर जिवावर आले तरी टाकून द्यायचा. उन्हाळ्यात वीज येत-जात असेल तर त्या दिवशी भेळ करावी हे उत्तम.

नाना त्यानंतर नऊ वर्षे होते. त्यांची गोळी मी त्याच आठवड्यात बदलली. काकू अजून शेजारी राहतात. मी वड्यांची ताटली घेऊन गेलो की त्या आधी म्हणतात, “हात दाखवा.” मी दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवतो. मग चहा टाकतात.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यात औषधे कुठे ठेवावीत?)