देणगी नाईलची, हिशेब मेररचा

शाळेत इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न आठवतोय? 'इजिप्तला नाईलची देणगी का म्हणतात?' पूर यायचा, गाळ पसरायचा, पीक मस्त यायचं. संपलं उत्तर, चार मार्क खिशात! ही 'देणगी' मुळात म्हणाला कोण, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

म्हणाला हिरोडोटस. हा ग्रीक गृहस्थ इजिप्तला गेला तो इ.स.पू. ५ व्या शतकात, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून तेव्हाच दोन हजार वर्षं होऊन गेली होती. थोडक्यात, हा टुरिस्ट! बरीचशी माहिती त्याला देवळातल्या पुजाऱ्यांनी पुरवलेली. आणि तो बोलत होता जमिनीबद्दल. ग्रीक जहाजं जिथे लागतात तो त्रिभुज प्रदेश नदीच्या गाळानेच तयार झालाय, हे त्याचं निरीक्षण. निरीक्षण एकदम करेक्ट, पण आपण ते ओढूनताणून अख्ख्या संस्कृतीला चिकटवलं. त्याच पुस्तकात तो असंही सांगतो, की तिथल्या शेतकऱ्याला नांगरसुद्धा धरावा लागत नाही. नदी येऊन पाणी पाजून जाते, मग बी टाकायचं की झालं. पाहुण्याला असंच वाटणार हो! इजिप्तच्या थडग्यांच्या भिंतींवर नांगर, बैल, कुदळी, वाकलेली माणसं, सगळं रंगवलेलं आहे.

बरं, परदेशी माणूस चुकला, मग घरचे साक्षीदार खरे? तिथेही जरा जपून.

आस्वानजवळ नाईलमध्ये सेहेल नावाचं बेट आहे. तिथल्या एका खडकावर मोठा लेख कोरलाय. मजकूर असा: झोसर राजाच्या काळात सात वर्षं पूर आला नाही, लोक अन्नाला मोताद झाले. मग ख्नुम देव राजाच्या स्वप्नात आला, नदी पुन्हा भरेल असं वचन देऊन गेला आणि राजाने आसपासचा मुलूख ख्नुमच्या देवळाला देऊन टाकला. वाचताना काटा येतो. पण झोसर इ.स.पू. २७ व्या शतकातला आणि लेख टॉलेमी राजांच्या काळातला. मधे दोन हजारांहून जास्त वर्षं! देवळाचा जमिनीवरचा हक्क जुना आहे हे पुजाऱ्यांना ठसवायचं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा दुष्काळाचा रिपोर्ट कमी आणि सातबारा जास्त.

तरी मी तो लेख कचऱ्यात टाकणार नाही. जमिनीचा दावा पटवायला त्यांनी लढाई नाही निवडली, न आलेला पूर निवडला. त्या देशात कुठली भीती हमखास चालायची, ते यातून कळतंच.

अंखतिफी नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याचीही तीच तऱ्हा. इ.स.पू. २१०० च्या आसपासचा हा माणूस. मोअल्ला इथल्या स्वतःच्या थडग्यात त्याने कोरून ठेवलंय, की लोक भुकेने पोटची पोरं खात होते, पण माझ्या हद्दीत मी एकालाही उपाशी मरू दिलं नाही. अप्रेझलचा फॉर्म स्वतःच भरला की असंच होतं!

यापेक्षा पालेर्मोचा दगड बरा. सिसिलीतल्या म्युझियममधला हा काळा तुकडा म्हणजे इजिप्तच्या अगदी सुरुवातीच्या राजांची वर्षवार नोंदवही. वर्षाच्या रकान्याखाली पुराची उंची: इतके हात, इतके तळवे, इतकी बोटं. ना देव, ना स्वप्न. राजदरबाराला बोटाबोटाचा हिशेब कशाला हवा होता? बहुधा करासाठी. पूर किती यावरून पीक किती, पीक किती यावरून वसुली किती. पुढे कैरोत ८६१ साली रोडा बेटावर पाणी मोजायचा खांब उभारला गेला, तेव्हा तर त्याच्या आकड्यावर कर ठरायचा, हे पक्कं माहीत आहे.

माझा फेव्हरिट साक्षीदार मात्र मेरर. २०१३ मध्ये पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या टीमला तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे कुठलेच मिळालेले नाहीत. काळ खुफूचा, म्हणजे मोठ्या पिरॅमिडचाच. मेरर हा साधारण ४० माणसांच्या टोळीचा मुकादम. आज तुराच्या खाणीत चुनखडीचे दगड भरले, आज नाव हाकली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या गिझाला माल उतरवायचा. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. चक्क टाइमशीट!

आता टाइमशीटमध्ये काय काय भरलं जातं, ते आपल्यालाही माहीत आहे. मेररनेही एखादी फेरी वाढवली असेल. पण नदीबद्दल खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? म्हणून त्याच्या नोंदीतली नाईल मला जास्त खरी वाटते. इथे ती शेताला पाणी पाजत नाही, टनावारी दगड वाहून नेते. पुराच्या महिन्यांत पाणी चढलं की कालव्यांतून माल पार पिरॅमिडच्या पायथ्यापर्यंत. २०२२ मध्ये गिझाजवळच्या मातीतल्या जुन्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुफूच्या काळात नाईलचा एक फाटा तिथवर भरून वाहत होता, असं त्यातही निघालं. मुकादमाची वही आणि मातीचा नमुना, दोघांची जबानी जुळली.

ज्यांच्या शेतांवरून एवढी मोजमापं झाली, त्या शेतकऱ्यांपैकी कुणाचीच अशी वही मिळालेली नाही.

मेररचे काही कागद २०१६ मध्ये कैरोच्या इजिप्शियन म्युझियममध्ये लोकांना पाहायला ठेवले होते. लांबून पाहिलं तर कुठल्याही ऑफिसातलं रजिस्टर वाटावं: आडव्या-उभ्या रेघा, रकाने, लाल आणि काळी शाई.