बोलता बोलता थबकणारी पावलं

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधीच चाचणी मांडली. वृद्धनिवासातल्या ५८ जणांसोबत चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी चक्क थांबले. त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ना यंत्र, ना खर्च!

चालणं हे पायांचं काम वाटतं खरं. पण वयानुसार नजर, तळव्यांची संवेदना आणि अंतर्कर्णाची तोल सांभाळण्याची क्षमता मंदावते, मग मेंदूला पावलांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. त्यातच शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, की वेग घटतो, पावलं असमान पडतात.

सरावाने फरक पडतो. जिनिव्हात ६५ वर्षांवरील १३४ जणांवर झालेल्या प्रयोगात पियानोच्या तालावर चालण्याच्या वर्गांमुळे पडण्याचं प्रमाण घटलं.

तेव्हा जिना उतरणाऱ्या आजोबांना मागून हाक मारू नका. आधी खाली पोचू द्या.