कुणाची रेणुका?

आमच्या माहुरात भर बाजारात "रेणुका!" अशी हाक मारून बघा, दोघी-तिघी तरी वळतील. गडावर रेणुकामातेचं ठाणं, म्हणून घरोघरी हे नाव. घरात नुसतं रेणुका चालतं, बाहेर मात्र "कुणाची रेणुका?" हे आलंच. याच प्रश्नाने आमच्या बचत गटाची लाज राखली.

लेक नांदेडला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत तिने हौसेने गटाच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला, रूबी नावाच्या भाषेत. पहिल्याच महिन्यात बचतीच्या शंभर रुपयांवर कर्जाचं व्याज चढलं! वही माझ्याकडे, त्यामुळे बाया माझ्याकडेच बघायला लागल्या. रात्री डोळ्याला डोळा नाही.

लेकीला चूक सापडली. बचतीचाही 'हप्ता', कर्जाचाही 'हप्ता', आणि दोन्ही क्लास, म्हणजे साचे, तिने उघड्यावरच लिहिलेले. त्याच नावाचा साचा पुन्हा लिहिला तर रूबी कुरकुरत नाही, पहिल्यातच मिसळून टाकते. आतलीही नावं सारखी असली की नंतरचंच खरं धरते. कर्जाची रीत बचतीवर चढली ती अशी, मुकाट्याने.

"मग कुणाचा हप्ता ते सांग की तिला!"

"आई, त्यालाच नेमस्पेस म्हणतात," ती हसली.

तिने बचत आणि कर्ज असे दोन मॉड्यूल केले. खोल्याच समजा. बाहेरून बोलवायचं तर मध्ये दोन विसर्ग दिल्यासारखे ठिपके : बचत::हप्ता, कर्ज::हप्ता. (नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत.) खोलीत असताना नुसतं हप्ता पुरतं, रूबी आधी आत शोधते, नाही मिळालं तर बाहेरच्या खोलीत. उसन्या आणलेल्या प्रोग्रॅममध्येही 'बचत' असू शकते, म्हणून दोन्ही खोल्यांभोवती एक घर : गट::बचत::हप्ता.

पोस्टाचंही असंच नाही का? एका नावाची गावं देशात कितीतरी. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृतचे कवी! पहिला आकडा विभागाचा, आपल्याकडे ४. शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे.

लेकीला मग चेव आला. गटात वर्ष, वर्षात महिना... म्हटलं, बाई, चिमूटभर मिठासाठी पाच झाकणं उघडायला लावू नकोस. ऐकलं तिने.

पुढच्या बैठकीत वही आणि कॉम्प्युटर शेजारी ठेवून एकेक नाव वाचलं. पै न् पै जुळली. आमच्या गटात रेणुका दोघी. आधी सही कुणी करायची, यातच काय तो वेळ गेला.