सिकलसेल आणि ‘आपले रक्त’

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : “सिकलसेल आपल्याच समाजाला का होतो?” वऱ्हाडातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांना हा आजार परका नाही. प्रश्नामागे भीती असते, संकोचही असतो. आपल्या रक्तातच काही उणे आहे, या जुन्या समजाला विज्ञानाचा आधार मिळू नये, म्हणून हा पाठ आम्ही सावकाश शिकवतो.

हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका जनुकात एकाच अक्षराचा बदल झालेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. हे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले तर मूल वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडून आले तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि निरोगी असण्याची २५ टक्के असते.

मग हे जनुक टिकले कसे? वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे ते वाढले : आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि भारतातही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. ही कोणत्याही वंशाची वा जातीची खूण नव्हे. इतर जातींतही रुग्ण आढळतात.

तरीही काही समाजांत प्रमाण अधिक का? याचे एक कारण रक्तात नसून विवाहाच्या चौकटीत आहे. स्वजातिविवाह हेच जातीचे मर्म, असे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. त्याच कुंपणाने हे जनुकही ठरावीक समाजांत कोंडून ठेवले. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धान्तही त्यांनी खोडून काढला.

जनुक आजार देते. पण त्या आजाराचे पुढे काय होणार, हे केवळ जनुक ठरवीत नाही. जन्मतः निदान झालेल्या बालकाला लसी, पेनिसिलिन, फॉलिक आम्ल आणि गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया मिळाले तर ते शिकते, मोठे होते. धारणी-चिखलदऱ्याच्या दुर्गम पाड्यावर तेच बालक निदानाविना साध्या तापात दगावू शकते. दोघांचे जनुक एकच. अंतर दवाखान्याचे, रस्त्याचे आणि पोटभर अन्नाचे. शिवाय प्रत्येक पंडुरोग सिकलसेल नसतो. अनेक मुलींचे रक्त कमी असते ते लोहाच्या अभावाने. दुःखाचे कारण शोधा, ही तथागतांची शिकवण येथे अक्षरशः लागू पडते.

पालकांना आमची विनंती आहे : मुलामुलींची तपासणी विवाह ठरण्यापूर्वीच करून घ्यावी. द्राव्यता चाचणी केवळ प्राथमिक असते. ‘एएस’ की ‘एसएस’ हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने निश्चित होते. वाहक असणे हा आजार नव्हे, म्हणून तो अहवाल लपवू नये. दोघेही वाहक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘एसएस’ विद्यार्थ्यांनी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची माहिती घ्यावी. त्यात सिकलसेलचा समावेश आहे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या गावी हे समजावून सांगण्यास आपल्याइतके जवळचे दुसरे कोण आहे?