नुएर समाजातील ख्रिस्ती धर्मकार्य आणि शालेय शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

दक्षिण सुदानमधील नाईल व सोबात नद्यांच्या खोऱ्यांत, तसेच इथिओपियाच्या गांबेला प्रदेशात राहणारा नुएर हा गोपालक समाज मानवशास्त्राच्या अभ्यासकांना प्रामुख्याने इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या 1940 मधील ग्रंथामुळे परिचित आहे. राज्यसंस्था नसतानाही वंशगटांच्या परस्परसंबंधांतून टिकून राहणारी सामाजिक व्यवस्था, हे त्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपाद्य होय. तथापि त्याच काळात या समाजात मिशन व शाळा या दोन नव्या संस्था प्रवेश करीत होत्या. ख्रिस्ती धर्म व शिक्षण नुएर समाजात कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणांनी रुजले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिशनचा प्रारंभ व भाषाकार्य :

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने 1902 मध्ये सोबात नदीकाठी डोलेब हिल येथे शिलुक लोकांमध्ये आपले केंद्र उघडले. त्यानंतर सुमारे दशकभराने नासिर येथे पूर्वेकडील नुएरांसाठी केंद्र सुरू झाले. पश्चिमेकडे कॅथलिक मिशनऱ्यांनी 1920च्या दशकात योइन्यांग येथे काम आरंभिले. ब्रिटिश-इजिप्ती प्रशासनाने दक्षिण सुदानातील शिक्षणाचा भार बहुतांशी मिशनांवर सोपविला व निरनिराळ्या मिशनांना निरनिराळी कार्यक्षेत्रे नेमून दिली. शासनाला कमी खर्चात कारकून व दुभाषे हवे होते, तर मिशनला धर्मग्रंथ वाचू शकणारे अनुयायी हवे होते. शाळा एकच असली तरी तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षा भिन्न होत्या.

या काळातील सर्वांत टिकाऊ काम भाषेचे झाले. नासिर येथील मिशनरी रे हफमन यांनी नुएर शब्दकोश सिद्ध केला व 1931 मध्ये नुएर चालीरीती आणि लोककथांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. कॅथलिक मिशनरी क्रात्सोलारा यांनी नुएर व्याकरण लिहिले. 1928च्या रेजाफ भाषा परिषदेने शालेय वापरासाठी निवडलेल्या भाषांत नुएरचा समावेश झाला आणि तिच्या रोमन लिपीतील लेखनाला अधिकृत पाया मिळाला. बायबलच्या भाषांतरात ईश्वरासाठी ‘क्वोथ’ हा पारंपरिक नुएर शब्दच स्वीकारला गेला. आकाशाशी संबंधित परमतत्त्व आणि लहानमोठी दैवी तत्त्वे या दोहोंसाठी तो वापरला जाई. त्यामुळे नवा धर्म सर्वस्वी परक्या शब्दांत आला नाही. परंतु जुन्या शब्दाचा कोणता अर्थ ग्राह्य व कोणता त्याज्य, हा वादही त्याबरोबरच आला.

शाळा आणि गोठा :

प्रारंभीच्या दशकांत धर्मांतरितांची व विद्यार्थ्यांची संख्या अल्पच राहिली. त्याची कारणे समाजरचनेत शोधावी लागतात. पावसाळ्यात उंचवट्यावरील गावांत व कोरड्या ऋतूत नदीकाठच्या गुरांच्या तळांवर, असे नुएर जीवनाचे ऋतुचक्र आहे. एका जागी वर्षभर चालणारी शाळा या चक्राशी जुळत नव्हती. गुरे राखण्याचे काम मुलांकडे असल्याने शाळेत गेलेला मुलगा म्हणजे कुटुंबाला कामाचा एक हात कमी होता. कपाळावर सहा आडव्या रेषा कोरण्याच्या ‘गार’ या संस्काराने मुलगा पुरुष ठरत असे. या संस्काराविना शिकलेल्या तरुणाची पुरुष म्हणून प्रतिष्ठा संशयास्पद राही. विवाहात वधूपक्षाला गुरे द्यावयाची असल्याने मुलींचे शिक्षण हा त्या देवघेवीला धोका वाटे. शिक्षणाला झालेला विरोध हा अज्ञानातून आलेला नव्हता. त्यामागे गुरांवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचा हिशोब होता.

राष्ट्रीयीकरण व हकालपट्टी :

1956 मध्ये सुदान स्वतंत्र झाल्यावर, 1957 मध्ये शासनाने दक्षिणेतील मिशन शाळा ताब्यात घेतल्या. अरबी भाषेचा आग्रह वाढला. 1960 मध्ये साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी करण्यात आली, तेव्हा दक्षिणेतील विद्यार्थ्यांनी संप केले. 1962च्या कायद्याने मिशनांवर परवान्याचे बंधन आले आणि 1964 मध्ये दक्षिणेतील सर्व परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्यात आले. यामुळे ख्रिस्ती धर्माची वाढ खुंटेल ही शासनाची अपेक्षा मात्र फोल ठरली. धर्मकार्य स्थानिक पाळक व शिक्षकांच्या हाती आले, तसेच धर्म व शाळा या दोन्ही गोष्टी उत्तरेच्या सत्तेला विरोध करणाऱ्या अस्मितेशी जोडल्या गेल्या. नुएर भाषेतील नवा करार 1968 मध्ये, म्हणजे हकालपट्टीनंतर प्रसिद्ध झाला. संपूर्ण बायबल 1999 मध्ये उपलब्ध झाले.

युद्ध, विस्थापन व धर्मांतर :

1983 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या यादवी युद्धात नुएरांमधील धर्मांतराचा वेग वाढला. शॅरन हचिन्सन यांच्या 1996च्या ग्रंथात या परिवर्तनाचे तपशीलवार विवेचन आहे. आजारपणात वा संकटात गाय-बैलाचा बळी देणे ही जुनी रीत होती. युद्धात गुरेच नष्ट झाल्यावर प्रार्थना हा निर्धनालाही परवडणारा मार्ग ठरला. दुसरीकडे, ‘कागद’ ही सत्तेची खूण बनली होती. परवाना, पत्र, नोंदणी या सर्वांसाठी साक्षरता अपरिहार्य झाली. इथिओपियातील इतांग छावणीत शाळा व उपासनामंडळे शेजारी शेजारी वाढली. 1991 मध्ये ती छावणी रिकामी झाली, तरी तेथे शिकलेली पिढी मागे राहिली.

परंपरा या काळात निखळून पडली असे मानणे चुकीचे ठरेल. 1999 मध्ये सुदानी चर्चच्या परिषदेच्या पुढाकाराने वुनलित येथे पश्चिम नुएर व डिंका यांच्यात समेट झाला, तेव्हा पांढऱ्या बैलाचा बळी देण्यात आला. 1906 मध्ये मृत्यू पावलेल्या न्गुनदेंग या द्रष्ट्याचा दंड ब्रिटिशांनी नेला होता. तो 2009 मध्ये परत आला, तेव्हा ख्रिस्ती नुएरांनाही त्याचे महत्त्व वाटले.

2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. परंतु डिसेंबर 2013 पासूनच्या यादवी युद्धाने असंख्य नुएरांना पुन्हा गांबेलाच्या छावण्यांत आणले. गांबेलात प्राथमिक स्तरावर नुएर भाषेतून शिक्षण दिले जाते. अमेरिकेतील मिनेसोटा व नेब्रास्का येथे स्थायिक झालेल्या नुएरांसाठीही चर्च हे भाषा व नातेसंबंध टिकविण्याचे ठिकाण बनले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, मिशनचे परिश्रम व धर्मांतराचा वेग यांचा थेट मेळ बसत नाही. मिशनने लिपी, शब्दकोश व शाळेची कल्पना दिली. मात्र समाजाने त्यांचा व्यापक स्वीकार केला तो गुरांवर आधारलेले जीवन असुरक्षित झाल्यावर. तो स्वीकारही निवडक होता. नुएरांनी शाळेतून अक्षर घेतले, चर्चकडून आश्रय घेतला आणि समेटासाठी बैल राखून ठेवला. म्हणून शिक्षणाच्या प्रसाराचे मूल्यमापन करताना केवळ शाळांची संख्या न मोजता, समाजाने त्या शाळेकडून नेमके काय आणि कोणत्या गरजेपोटी घेतले, हे तपासणे अगत्याचे ठरते.